आकाशातला पंचनामा गावाच्या हाती द्या

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सांगली जिल्ह्यातले चार तालुके होते: शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज. जत नव्हता. आटपाडी नव्हता. कवठेमहांकाळही नव्हता. हा जिल्हा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवे की शिराळा म्हणजे चांदोली धरणाचा तालुका. त्याच्या पश्चिम टोकाला जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. आणि जत म्हणजे टँकर, चारा छावण्या आणि दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी कुटुंबे. यादी वाचून जत-आटपाडीकडच्या पूर्व भागात संताप उसळला. निवेदने गेली, आंदोलने झाली. पुढे पावसाच्या तुटीवरून राज्यातली शेकडो महसूल मंडळे दुष्काळसदृश ठरवली गेली आणि चर्चा मागे पडली.

चर्चा मागे पडली तरी तिच्यातला मुख्य प्रश्न तसाच राहिला. ती यादी ठरवण्याची एक पद्धत होती. केंद्राने २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापन संहिता आणली, राज्याने पुढच्या वर्षी ती स्वीकारली. तिच्यानुसार पाऊस, भूजल, पेरणीचे क्षेत्र आणि जमिनीतली ओल यांच्या जोडीला उपग्रहाने टिपलेली शिवाराची हिरवाई मोजली जाते. ही आकडेमोड ‘महामदत’ नावाच्या संगणक प्रणालीत होते आणि मग काही गावे निवडून तिथे प्रत्यक्ष सत्यमापन करतात. म्हणजे जतच्या रानाबद्दल आकाशातून एक साक्ष दिली गेली आणि जतच्या माणसाला ती वाचताही आली नाही. उलटतपासणी तर दूरच राहिली.

उपग्रहाची चित्रे लोकांनी वापरावीत यासाठी सरकार गेली काही वर्षे बरेच काही करते आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण चित्र फुकट देणे हा अर्धाच रस्ता आहे. शेतकऱ्याने, ग्रामपंचायतीने, एखाद्या पाणी वापर संस्थेने काढलेले चित्र ज्या दिवशी तहसील कार्यालयाच्या टेबलावर सरकारच्या चित्राशेजारी ठेवता येईल आणि साहेबांना त्याची दखल घ्यावी लागेल, त्या दिवशी ही माहिती खऱ्या अर्थाने सार्वजनिक होईल. तोपर्यंत ती फक्त उपलब्ध आहे.

आधी जतचाच हिशेब जरा खोलात जाऊन पाहू. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून हिरवाईचा आकडा काढतात. जाणकार त्याला एनडीव्हीआय म्हणतात. मग तो आकडा त्याच जागेच्या आधीच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. मेख इथेच आहे. शिराळ्याची हिरवाई एरवी इतकी दाट असते की जून आणि ऑगस्ट कोरडे गेले की घसरण ठळक दिसते. जतची हिरवाई मुळातच तोळामासा, ती आणखी किती घसरणार? शिवाय या आकड्याला बाजरी आणि गाजरगवत यांतला फरक कळत नाही. ऑगस्टअखेर एखादी सर पडून बांधावर गवत उगवले, वेड्या बाभळीला पालवी फुटली, की आकडा सुधारतो. बाजरी तोवर कणसात न येताच वाळून गेलेली असते.

दुसरी मेख सरासरीची. जत तालुक्यात शंभराहून अधिक गावे आहेत. काहींच्या शिवारात कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या म्हैसाळ योजनेचे पाणी आले, तिथे डाळिंब आणि द्राक्षे उभी राहिली. त्याच तालुक्यातल्या वंचित ६५ गावांनी विस्तारित योजनेची वाट पाहत वर्षे काढली. सगळ्या तालुक्याची सरासरी काढली की कालव्याकाठची बाग उमदीकडच्या करपलेल्या रानाला झाकून टाकते. उपग्रहाने दोन्ही वेगवेगळी पाहिलेली असतात. एकत्र करतो तो माणसाने ठरवलेला नियम. जत वगळण्यात यातले कोणते कारण किती होते, हे गाववार आकडे समोर ठेवून ग्रामसभेत बोलता आले असते. ते आकडे चावडीवर लागले नाहीत. लोक मोर्चात घोषणा देत राहिले आणि सरकार निकषांकडे बोट दाखवत राहिले. दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही एकमेकींशी बोलू शकत नव्हत्या, कारण एकीकडे चित्र होते आणि दुसरीकडे फक्त अनुभव होता.

चित्र खुले करण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. ऐंशीच्या दशकात तिथल्या सरकारने ही चित्रे खासगी कंपनीमार्फत विकायला काढली. एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या घरात गेली आणि विद्यापीठांनीसुद्धा हात आखडता घेतला. २००८ मध्ये सगळा जुना साठा मोफत खुला झाला. जिथे दिवसाला पन्नासेक चित्रे खपत होती, तिथे काही वर्षांत रोज हजारोंनी उतरवली जाऊ लागली. युरोपने आपल्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे पहिल्यापासूनच सगळ्या जगाला मोफत ठेवली.

आपल्याकडे तर या विद्येची सुरुवातच शेतकऱ्याच्या दुखण्यातून झाली. १९७० मध्ये शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळात नारळाच्या रोगाची पाहणी हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे काढून केली गेली. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए हा आपला पहिला पूर्ण कामाचा दूरसंवेदन उपग्रह आकाशात गेला. महाराष्ट्राने त्याच वर्षी नागपुरात सुदूर संवेदन उपयोजन केंद्र काढले. २००९ मध्ये इस्रोने ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. २०२१ मध्ये नकाशांवरची बंधने सैल झाली, आणि ज्यांतला एक ठिपका जमिनीवर पाच मीटर किंवा त्याहून मोठा असतो अशी सरकारी चित्रे २०२३ च्या अंतराळ धोरणाने सर्वांसाठी मोफत केली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’वरून ती उतरवता येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय कृषी खात्याने शेतीविषयक निर्णयांना मदत करणारी ‘कृषी-डीएसएस’ ही संगणक प्रणाली आणली. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरशिक्षणाने हा विषय शिकवते. चांद्रयानाच्या यशानंतर २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन साजरा होतो. शाळा-कॉलेजांत प्रदर्शने भरतात, मुले अग्निबाणाच्या प्रतिकृती पाहतात, व्याख्याने ऐकतात. यातले काहीच वाया गेलेले नाही. पण या सगळ्या प्रयत्नांत गृहीत धरलेला वापरणारा कोण, हे पाहा. संशोधक, विद्यार्थी, उद्योजक, सरकारी खाते. तासगावचा द्राक्षबागायतदार किंवा आटपाडीची सरपंच बाई या चित्राची वापरकर्ती असू शकते, हा विचार त्यात अजून नीट आलेला नाही.

ही चित्रे सामान्य शेतकऱ्याच्या कामाची आहेत का, अशी शंका नेहमी घेतली जाते. तिचे उत्तर आपल्याच मापात देता येते. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. चित्रातला एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकरभर रान म्हणजे चाळीस ठिपके. लँडसॅटचा एक ठिपका सुमारे नऊ गुंठ्यांचा, म्हणून त्याच्यात लहान तुकडा हरवतो. आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-४ कॅमेऱ्याचा ठिपका इतका बारीक की गुंठ्यात तीन बसतात. बांधावरचे ठिपके शेजाऱ्याच्या पिकात मिसळतात हे खरे. अर्ध्या एकराच्या तुकड्याबद्दल फार मोठे दावे करू नयेत. पण दोन-तीन एकरांच्या बागेचे, शंभर एकरांच्या पाणंदीपलीकडच्या टापूचे किंवा आख्ख्या शिवाराचे चित्र स्पष्ट दिसते, आणि आभाळ मोकळे असेल तर दर पाच दिवसांनी नवे मिळते. पैसा लागत नाही. चित्र उलगडणारे क्यूजीआयएससारखे सॉफ्टवेअरही मोफत आहे.

मी भूगोल शिकवतो. वर्गात जत आणि कवठेमहांकाळकडची मुले असतात. एकदा प्रात्यक्षिकाच्या वेळी मार्च महिन्यातले एक चित्र पडद्यावर लावलेले होते आणि एका मुलाचे वडील प्रवेशाच्या कामासाठी आले होते. त्यांना सगळे तात्या म्हणतात. ते दारात उभे राहून बराच वेळ बघत होते.

“सर, ही लाल पट्टी कशाची?”

“पीक आहे, तात्या. या चित्रात जितकं हिरवं तितकं लाल दिसतं.”

“मंजी हा कालवा जातोय.” ते पुढे आले. बोट पडद्याला न लावता त्यांनी हवेतच रेघ ओढली. “हा ओढा. ही गावाची पांढरी. मग हे आमचं रान. हितं तर लाल न्हाई काहीच.”

“मार्चचं चित्र आहे.”

“व्हय की. मार्चात आवर्तन आमच्यापतुर आलंच न्हाई. वरच्या अंगानंच भिजवलं सगळं.” ते गप्प झाले. मग म्हणाले, “हे छापून मिळंल का? आणि नेऊन दिलं साहेबाला, तर घेतील का?”

छापून लगेच दिले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, कारण असे चित्र कोणत्या अर्जाला जोडायचे, कोणत्या नियमाखाली द्यायचे आणि ते मिळाल्यावर अधिकाऱ्याने काय करायचे याची तरतूदच नाही. तात्या सातवी शिकलेले आहेत. त्यांना चित्र कळायला दोन मिनिटे पुरली, कारण त्यांना रान माहीत होते. आम्ही वर्गात आठवडे घालवतो ते रंगांचे गणित शिकवण्यात. रान ओळखण्याची विद्या गावात आधीपासून आहे. लोकांना हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा कुठल्याही शेतकऱ्यापुढे त्याच्या गावचे चित्र ठेवून बघावे.

तात्यांचा प्रश्न आवर्तनाचा, म्हणजे कालव्याला ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा होता आणि आमच्या जिल्ह्यात त्याहून मोठा प्रश्न क्वचितच असेल. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या तिन्ही उपसा योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी पट्ट्यात नेतात. वीजबिल मोठे, पाणीपट्टीची वसुली कायमची कटकट, आणि दर आवर्तनात तक्रार तीच: टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांना पाणी पोचत नाही. खाते म्हणते पोचले, गाव म्हणते नाही. कालव्यावर बसून कोण मोजणार? पण फेब्रुवारी ते मे आभाळ निरभ्र असते आणि त्या दिवसांत पूर्व भागातली जवळजवळ प्रत्येक हिरवी जागा पाण्यानेच हिरवी असते. आवर्तन सुरू होण्याआधीचे एक चित्र आणि संपल्यावर पंधरा दिवसांनी घेतलेले दुसरे, एवढे शेजारी ठेवले तरी पाणी कुठवर गेले ते कळते. विहीर-बोअरवरची हिरवाई त्यात मिसळते, म्हणून गावच्या माणसाने ती ओळखून बाजूला काढावी लागेल. हे काम मुंबईत बसून होणार नाही. ते गावातच होईल. लाभक्षेत्र म्हणून कागदावर दाखवलेले आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांतली तफावत अशी दर आवर्तनाला जाहीर झाली तर पाणी वापर संस्थांच्या बैठकीत बोलण्याची तऱ्हाच बदलेल. यात पाणीपट्टी न भरता भिजवणारेही उघडे पडतील. पडू देत.

ऊसतोडीचेही तसेच. पश्चिमेकडे वाळवा, पलूस, मिरज भागात दर हंगामात ऐकू येते की कारखान्याने तोडणीचा क्रम डावलला, आडसाली उसाला तोडणीची चिठ्ठी आली नाही आणि ओळखीच्यांचे फड आधी तुटले. ऊस वाळतो, वजन घटते, तुरे येतात. तोडणीचा हंगाम हिवाळ्यात, म्हणजे उपग्रहासाठी सर्वात सोयीचा. कुठला फड कोणत्या आठवड्यात रिकामा झाला हे चित्रात दिसते. सभासदांनी वार्षिक सभेत नोंदवहीतल्या क्रमाशेजारी ते मांडले तर आरोपही पुराव्यानिशी होईल आणि खोटा आरोप असेल तर कारखान्याचीही सुटका होईल.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींबद्दल एकच सांगतो. उन्हाळ्यात वर आलेला पांढरा थर चित्रात दिसतो आणि जुन्या साठ्यामुळे तो तीस-पस्तीस वर्षांत कसा पसरला हेही दिसते. भूमिगत निचऱ्याच्या योजनेत सगळ्या शेजाऱ्यांनी एकत्र यावे लागते. एक जण जरी अडून बसला तरी सच्छिद्र पाइपचे काम अडते. त्याला समजावायला असे चित्र उपयोगी पडेल.

पुराचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे या चित्रांची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोका पातळी ४५ फूट. त्या दिवसांत आभाळ गच्च भरलेले होते, साधा कॅमेरा ढगांवरच अडतो. तेव्हा रडारचा उपग्रह कामाला येतो. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात, शांत पाण्यावर पडल्या की दुसरीकडे निसटतात आणि चित्रात पाणी काळे दिसते. उसाची बुडालेली राने अशी पटकन ओळखता येतात. पण शहरात हाच नियम फसतो. भिंतींवर आपटून लहरी परत येतात, घरांची वस्ती उजळ दिसते आणि गल्लीत छातीभर पाणी असले तरी चित्रात ते चटकन उमटत नाही. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर इथल्या माणसाला आपल्या घरात पाणी किती होते हे सांगायला उपग्रह लागत नाही. त्याने भिंतीवर खूण केलेली असते. उपग्रहाचे चित्र आणि भिंतीवरची खूण एकत्र आली तरच पुराचा खरा नकाशा तयार होतो. म्हणून मी म्हणतो की लोकांना चित्र देणे हा सरकारने केलेला उपकार नाही, ती सरकारचीच गरज आहे.

याला जोडूनच निळ्या आणि लाल रेषेचा वाद येतो. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. या रेषांवर बांधकाम परवाने, घरांच्या किमती, बँकेची कर्जे अवलंबून असतात. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारच्या वडनेरे समितीने त्याच्या कारणांचा अभ्यास केला, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, आणि शहरातले नैसर्गिक ओत, म्हणजे पाणी वाहून नेणारे सखल भाग, आणि नाले बुजवल्याची तक्रार दर पुरानंतर नव्याने होते. ओत कधी बुजला, कुणाच्या काळात, आधी काय होते, याची उत्तरे आज ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतात. लँडसॅटचा साठा पन्नास वर्षांमागे जातो, आपला १९८८ पर्यंत. एखादे घर त्यात दिसणार नाही, पण मोकळा सखल पट्टा वस्तीखाली केव्हा गेला ते साल काढता येते. हरित लवादापुढे अशी चित्रे पुरावा म्हणून येतात. ती वकील लावण्याची ऐपत असलेल्यांची येतात, एवढाच फरक.

आता आक्षेप. सर्वात गंभीर आक्षेप शेतकऱ्यांकडूनच येतो, आणि तो मला मनापासून पटतो. ते म्हणतात, हे आकाशातले डोळे आमच्यावरच रोखलेले आहेत. विमा कंपनी चित्र दाखवून भरपाई नाकारेल. बँक पीककर्ज देताना शिवार बघेल. अवैध उपसा, पीक बदल, सगळे दिसेल, आणि दंड आम्हालाच होईल. ही भीती निराधार नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ पासून काही पिकांच्या उत्पादनाचा अंदाज काढताना उपग्रहावर आधारित पद्धतीला वाटा दिलेला आहे, आणि तो वाढत जाणार हे दिसते आहे. पण सरकार, विमा कंपन्या आणि बँका ही चित्रे वापरणारच आहेत. शेतकऱ्याने डोळे मिटून घेतल्याने ते थांबणार नाही. एका बाजूकडे चित्र आणि दुसरीकडे काहीच नाही, ही आजची स्थिती त्या भीतीचे खरे मूळ आहे. कंपनीने अमुक तारखेचे चित्र दाखवले तर त्याच्या पाच दिवस आधीचे आणि पाच दिवस नंतरचे चित्र आपल्याकडे असणे हाच त्यावर तोडगा आहे.

सुरक्षेचा आक्षेप आता फारसा टिकत नाही. गुंठ्याएवढ्या ठिपक्यातून लष्करी गुपिते फुटत नाहीत, आणि परदेशी उपग्रहांनी टिपलेले आपले शिवार जगात कुणीही कधीही पाहू शकतो. तरीही खासगीपणाची मर्यादा हवी. नावानिशी, गट नंबरनिशी एखाद्याचे शेत वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सॲपवर फिरवणे वेगळे आणि गावाच्या बैठकीत टापूचे चित्र मांडणे वेगळे. ही रेघ नियमाने आखून द्यायला हवी.

लोक चुकीचे वाचतील, अधिकाऱ्यांना नाहक छळतील, असेही म्हटले जाते. वाचतीलही चुकीचे. गटाच्या जुन्या नकाशाच्या हद्दी उपग्रहाच्या चित्रावर ठेवल्या की पुष्कळदा सरकतात, आणि आपला गट समजून शेजाऱ्याच्याच रानाची हिरवाई मोजली जाऊ शकते. हा दोष नकाशांचा आहे. तो भूमी अभिलेख खात्याने दुरुस्त करायचा आहे, आणि चूक कुठे होते हे लोकांनी चित्र वापरल्याशिवाय कळणारही नाही. ई-पीक पाहणी आठवा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्याने शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करायला सांगितले. तेव्हाही हेच म्हटले जात होते. रेंज नव्हती, ॲप अडकत होते, पण शेतकऱ्याचा शब्द सातबाऱ्यावर येऊ शकतो हे तत्त्व सरकारने मान्य केले. जमिनीवरून काढलेला फोटो चालतो, तर तारीख आणि ठिकाण ज्याच्यातच कोरलेले आहे असे आकाशातले चित्र का चालू नये?

म्हणून नवी संकेतस्थळे काढण्यापेक्षा मागणी दोन-तीन साध्या गोष्टींची आहे. दुष्काळ, पूर, पीकहानी यांचा निर्णय ज्या आकड्यांवर होणार, ते गाववार आणि मराठीत, निर्णयाआधी किमान पंधरा दिवस चावडीवर लागावेत आणि त्यावर हरकती घ्याव्यात. मतदार यादीवर हरकती घेतो, विकास आराखड्यावर घेतो, मग यावर का नको? प्रत्येक तालुक्यात चित्र वाचून देणारा एक प्रशिक्षित माणूस हवा. तो नवा भरण्याची गरज नाही. शिवाजी विद्यापीठाच्या भूगोल विभागातून, सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी हे शिकलेली मुले बाहेर पडतात आणि त्यातली बरीच पुण्यात दुसरीच कामे करतात. कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र आहे, कृषी सहायक आहेत, आपले सरकार सेवा केंद्रांत संगणक आहेत. दाखल्याचे शुल्क घेऊन तिथे गावचे चित्रही मिळू शकते. पावसाळ्यातली अडचणही कमी होते आहे: ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा इस्रो आणि नासाचा रडार उपग्रह ढगांआडूनही जमीन पाहतो, दर बारा दिवसांत दोनदा, आणि त्याचीही चित्रे सर्वांना खुली ठेवण्याचे ठरलेले आहे.

या सगळ्याची किल्ली महसूल विभागाच्या एका परिपत्रकात आहे. नागरिकाने किंवा ग्रामपंचायतीने दिलेल्या उपग्रह चित्रावर उपग्रहाचे नाव, चित्राची तारीख, ठिकाण आणि ते कुणी तयार केले याची नोंद असेल, तर तहसीलदाराने ते अर्जाचा भाग म्हणून स्वीकारावे, सरकारी चित्राशी ताडून पाहावे आणि मान्य नसेल तर कारण लेखी द्यावे, एवढेच त्यात असायला हवे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने संगणकावरचा दस्तऐवज न्यायालयात कसा सादर करायचा हे सांगितलेलेच आहे. तहसील कार्यालयासाठी त्याहून सोपा नमुना करता येईल. त्याला नवा उपग्रह लागत नाही, वेगळे अनुदान लागत नाही आणि विधिमंडळात कायदाही करावा लागत नाही.